सिस्टर, तुम्ही तो विषय काढलात म्हणून

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण ज्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत त्यावर कुणीच उघडपणे बोलत नाही. कॅन्सरसाठी प्रोस्टेट ग्रंथी काढण्याच्या ऑपरेशननंतर नवरा-बायकोच्या शरीरसंबंधांचं काय होतं, हे तुम्ही आम्हा दोघांना समोर बसवून, आम्ही न विचारता सांगितलंत.

आम्ही विचारलं नसतंच. साठी उलटलेली, कॅन्सर काढून टाकलेला, पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ततपासणी) मोजता येऊ नये इतका खाली. जीव वाचला, आता आणखी काय हवं, असंच भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा. तुम्ही लघवी किती थांबते, पॅड किती लागतात हे विचारलंत आणि त्याच सुरात, आवाज जराही न बदलता, ताठरता येते का हेही विचारलंत. माझी बायको उठून बाहेर निघाली तेव्हा म्हणालात, "बसा ना ताई, हे दोघांचं आहे." त्या एका वाक्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे.

मग तुम्ही कागदावर आकृती काढलीत. ताठरता आणणाऱ्या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूंना चिकटून जातात. अमेरिकन सर्जन डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये त्या ओळखून, जपून ऑपरेशन करून दाखवलं. त्याआधी या ऑपरेशननंतर ताठरता जवळजवळ सगळ्यांचीच जायची. पण जपलेल्या नसाही ऑपरेशनमध्ये ताणल्या जातात, दुखावतात आणि कित्येक महिने काम करत नाहीत. दीड-दोन वर्षं लागू शकतात, काहींना त्याहून जास्त. माझ्या एका बाजूच्या नसा कॅन्सरच्या फार जवळ होत्या म्हणून काढाव्या लागल्या होत्या. रिपोर्टमधली ती ओळ तुम्ही मला समजावून सांगितलीत आणि म्हणालात, "पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही. वाट मात्र नक्की आहे." खोटा धीर दिला असतात तर पहिल्या काही महिन्यांतच मी सगळं सोडून दिलं असतं.

त्या दिवशी सगळ्यात मोलाचं काय सांगितलंत, ते सांगतो. प्रोस्टेट आणि शुक्राशय दोन्ही काढल्यामुळे वीर्य आता कधीच येणार नाही, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. पण कामतृप्तीची जाणीव ज्या नसांमधून येते त्या वेगळ्या, आणि त्या शाबूत आहेत. ताठरता आली नाही तरी तृप्ती येऊ शकते! इतकी वर्षं संसार करून आम्हा दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. त्या क्षणी थोडी लघवी येऊ शकते, म्हणून आधी मूत्राशय रिकामं करा, टॉवेल जवळ ठेवा, हेही सांगितलंत. ते आधी कळलं नसतं तर पहिल्याच वेळी मी लाजेने मागे फिरलो असतो आणि पुन्हा जवळ गेलो नसतो.

बायकोशी तुम्ही एकटीशीही बोललात. काय बोललात ते तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. हात लावला तर मला काही जमत नाही याची आठवण होईल, या काळजीने ती दूर राहत होती. आणि तिला आता यात रस उरला नाही असं समजून मी भिंतीकडे तोंड करून झोपत होतो. काही आठवडे फक्त जवळ या, पुढचं काही व्हायलाच हवं असं धरू नका, असं तुम्ही सांगितलंत. ते औषध सगळ्यात आधी लागू पडलं, सिस्टर.

बाकीच्या औषधांना वेळ लागला. ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी रिकाम्या पोटी घ्या, घेऊन नुसतं बसून राहू नका, स्पर्शाशिवाय ती काम करत नाही. आणि छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर तिला हातही लावू नका, रक्तदाब धोकादायक खाली जातो. नसा जाग्या होईपर्यंत गोळी पुरणार नाही हे तुम्ही आधीच सांगून ठेवल्यामुळे ती पुरली नाही तेव्हा धीर सुटला नाही. हवा ओढून ताठरता आणणारा व्हॅक्यूम पंप आम्हाला फारसा रुचला नाही. रोज गोळी घेतल्याने नसा लवकर बऱ्या होतात का, या प्रश्नावर "तसं पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण तिथलं रक्ताभिसरण चालू राहिलेलं चांगलं," इतकंच म्हणालात. जेवढं माहीत तेवढंच सांगणारं माणूस मिळणं केवढा मोठा आधार असतो!

ताठरतेसाठी लिंगात घ्यायच्या इंजेक्शनचं नाव ऐकून मात्र मी हादरलो होतो. तिथे सुई! तुम्ही घाई केली नाहीत. बाजूने टोचायचं, वरून किंवा खालून नाही, दर वेळी जागा बदलायची, आणि चार तासांनंतरही ताठरता उतरली नाही तर लाज न धरता थेट इमर्जन्सीत यायचं. पहिलं इंजेक्शन तुमच्यासमोर माझ्याच हातांनी दिलं. सुई जेमतेम जाणवली. नंतर घरी, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच आमचा संबंध आला, आणि माझी बायको रडली. मीही.

आज कधी गोळीवर भागतं, कधी इंजेक्शन लागतं. गोळीवर भागण्याच्या वेळा वाढत चालल्या आहेत. पहिल्यासारखं नाही, पण आमचं आहे.

माझ्या ओळखीच्या एकाचं हेच ऑपरेशन ठरलं आहे. त्याला मी सांगितलं, बायकोला बरोबर घेऊन जा आणि दोन्ही बाजूंच्या नसा वाचतील का हे आधीच विचार. तो तुमच्याकडे येईल. त्याला बहुधा विचारायला जमणार नाही, तेव्हा विषय तुम्हीच काढा. हे पत्र त्याला आणि हवं त्याला खुशाल वाचायला द्या. बायकोने वाचून संमती दिली आहे, आणि तिचाही तुम्हाला मनापासून नमस्कार.

आपला कृतज्ञ,
तुमचा एक पेशंट