वैजूस, मुक्ताच्या फोनबद्दल

प्रिय वैजू,

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले आणि मी ‘बघते, सांगते’ एवढंच टाकून गप्प. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा गुडघ्याच्या जागी आहे, त्यावर आणखी काही नाही.

‘फोटो टाकायचं कुठलं ॲप सेफ, तेवढं सांग, मुक्ताला तेच घालून देते,’ असं तू निरोपात विचारलंस. अगं, लेकीसाठी कुकर घेतेयस का, शिक्का बघून उचलायला? एकाच ॲपवर एका पोरीला ओळखीची चाळीस माणसं बघत असतात आणि तिच्या शेजारच्या बाकावरचीला नऊशे, त्यातली आठशे कोण ते तिलाही ठाऊक नसतं. तू म्हणशील, हिला फाटे फोडायची जुनी खोड. मान्य. सहलीच्या वर्गणीवरून तू चार दिवस बोलली नव्हतीस तेव्हाही हेच म्हणाली होतीस, आणि हिशेब माझाच बरोबर निघाला होता.

ॲप स्टोअरवर वयाचा आकडा असतो ना, ‘12+’, ‘13+’ असा, त्यावर विसंबू नकोस. तो बहुतेक मजकुराचा अंदाज असतो. अनोळखी माणूस थेट मेसेज टाकू शकतो का, हे त्यातून कळत नाही. डेटाची माहिती देणारा तक्ता खाली असतो, तो तर ॲप बनवणाऱ्यानेच भरलेला. तुला विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत. तिला कोण शोधू शकतं? कोण लिहू शकतं? ती कुठे आहे हे कोणाला दिसतं? आणि काही बिनसलं तर तक्रारीचं बटण किती खोल पुरलंय? नवं ॲप आलं की हेच चार. ॲपं दर वर्षी बदलतात, हे बदलत नाहीत.

आता इन्स्टाग्राम, कारण हट्ट त्याचाच आहे. 2024 च्या सप्टेंबरपासून त्यांनी टीन अकाउंट आणलं. अठराच्या आतल्यांचं खातं आपोआप प्रायव्हेट, मेसेज फक्त जोडलेल्या लोकांचे, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद. सोळाच्या आतल्यांना हे सैल करायचं तर पालकांची परवानगी लागते. ऐकायला झकास. पण हे बरंचसं खातं उघडताना टाकलेल्या जन्मतारखेवर टांगलेलं आहे. पोरांनी अकराव्या वर्षी खातं उघडताना तेरा (तिथलं किमान वय) भरावेत म्हणून जे साल सुचेल ते ठोकलेलं असतं. काहींनी तर सरळ 1999. म्हणजे कंपनीच्या लेखी ती आज चांगली मोठी बाई, आणि वरची कुलुपं तिला बहुधा लागत नाहीत. म्हणून पहिल्यांदा सेटिंग्ज, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, आणि तिथे जन्मतारीख बघ. बाकी सगळं नंतर.

दुसरं, खातं आज प्रायव्हेट केलं म्हणून आधीचे फॉलोअर गळून पडत नाहीत. पब्लिक असताना जे आत शिरले ते आतच बसलेले असतात. दोघी शेजारी बसा, फॉलोअरची यादी उघडा आणि प्रत्येक नावाला एकच प्रश्न: ‘हिला प्रत्यक्ष भेटलीयेस?’ नसेल तर नावापुढचं ‘रिमूव्ह’. समोरच्याला त्याची सूचना जात नाही, त्यामुळे ‘तिला वाईट वाटेल’ हा बचाव चालणार नाही. शंभर नावांना अर्धा तास पुरतो. यादी तिलाच वाचू दे, बोट तिचंच असू दे. आपण नुसतं हं म्हणायचं.

आणि प्रायव्हेट खात्यातही प्रोफाइल फोटो, नाव आणि वरच्या दोन ओळी जगाला दिसतातच. शाळेचं नाव, इयत्ता, वाढदिवस तिथे लिहिलेला असेल तर काढ. मग तुझ्या फोनवरून, तिला फॉलो न करणाऱ्या एखाद्या खात्यातून, तिला शोध. बाहेरच्याला ती कशी दिसते हे त्याशिवाय कळत नाही. मैत्रिणींची पब्लिक खाती उघडून तिथे तिला टॅग केलंय का, तेही त्याच खात्यातून बघ. तिचं दार बंद आणि मैत्रिणीचं सताड उघडं, असं फार दिसतं.

स्नॅपचॅटबद्दल तू विचारलंस, ‘फोटो पुसले जातात ना, मग काय’. नाही जात, वैजू. समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला तर सूचना येते, पण दुसरा फोन समोर धरून फोटो काढला तर कोण सांगणार? फोटो नाहीसे होतात असा दावा केल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2014 मध्येच त्या कंपनीला धारेवर धरलं होतं. तिथे दोन गोष्टी बघ. नकाशात ‘घोस्ट मोड’ चालू हवा, म्हणजे त्या नकाशावर ती मित्रमैत्रिणींना दिसणार नाही. आणि ‘फॅमिली सेंटर’ जोडून घे. त्यात ती कोणाशी बोलते ते दिसतं, काय बोलते ते दिसत नाही. एवढंच पुरे. याहून जास्त बघायची तुला हौस असेल तर तुझ्या आईने तुझी हिरवी वही वाचली होती तो आठवडा आठव. पुढे दोन वर्षं तू वही माझ्याकडे ठेवत होतीस. नजर ठेवायला चोरून बसवलेली ॲपं नेमकं तेच घडवतात, फक्त या वेळी वही कोणाकडे जाईल ते सांगता येत नाही.

फोनच्या परवानग्या दहा मिनिटांचं काम. फोटोंना ‘निवडक फोटो’ द्यायचं, पूर्ण गॅलरी नाही. अँड्रॉइड 14 पासून आणि आयफोनवर आयओएस 14 पासून ही सोय आहे. लोकेशन बंद. कॉन्टॅक्ट्स अजिबात नाही, कारण ते दिले की ॲप तिला लोक सुचवतं आणि लोकांना ती. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशनही बंद कर. फोटोत जागेचे अंश-कला (अक्षांश-रेखांश) लिहून ठेवलेले असतात. मोठी ॲपं पोस्ट करताना ते काढतात, पण तोच फोटो ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून गेला की अंशासकट जातो. आणि गणवेशावरचा बिल्ला, मागची पाटी, बसचा नंबर, हे तर कुठलंच सेटिंग पुसत नाही. मोठा करून बघितला तर एक फोटो बरंच बोलतो.

आता ज्यामुळे तीन आठवडे लिहवेना ते. फोटो मागून धमकावणं. याची चाल ठरलेली असते. समवयस्क वाटेल असं खातं, दोन दिवस गोड बोलणं, मग ‘इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये’. समोरून आधी एक फोटो येतो, मग मागणी. पाठवला की काही वेळात तिच्याच फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट आणि पैशांचा आकडा. पैशांसाठीच्या या प्रकारात मुलगे फार सापडतात, म्हणून हे तुझ्या भाच्यालाही सांग. तो स्वतःला फार शहाणा समजतो. असं झालं तर पैसे द्यायचे नाहीत, दिले की आकडा वाढतो. चॅट पुसायचं नाही, खातं बंद करायचं नाही. आधी त्या खात्याचं नाव आणि धमकीचे स्क्रीनशॉट, मग ॲपवर रिपोर्ट, मग ब्लॉक, मग पोलीस. तिचा फोटो मात्र पुरावा म्हणूनही कोणाला पुढे पाठवायचा नाही. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी संस्थेची, 2023 पासून. फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त आकड्यांचा ठसा जातो, आणि सामील असलेली ॲपं त्या ठशावरून तो शोधून काढतात. सगळी ॲपं सामील नाहीत, एन्क्रिप्टेड (बाहेरच्याला वाचता न येणाऱ्या) चॅटमध्ये तो चालत नाही, तरी करावं.

पण यातलं काहीही तेव्हाच होईल जेव्हा ती पहिल्या तासात तुझ्याकडे येईल. श्रीकांतचं ‘असं काही झालं तर फोन काढून घेईन’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. ती त्या वाक्याला घाबरून रात्रभर एकटी बसेल, आणि धमकावणाऱ्याला नेमकी तीच रात्र हवी असते. त्याला म्हणावं, हे वाक्य परत घे, तिच्यासमोर. माझं नाव सांगितलंस तर तो मुद्दाम ऐकणार नाही, तेव्हा तुझंच म्हणून सांग.

नवी नोकरी कशी आहे? काकांचा चष्मा झाला का? विनयला मी अजून माफ केलेलं नाही, कळव त्याला.

आधी जन्मतारीख बघ आणि कुठलं साल निघालं ते लिही. माझी पैज 2001 वर.

तुझी,
नंदा