साहेबांची पत्रे बोस्टनला पोहोचली, मास्तरांची वही ट्रंकेतच राहिली: जुने कागद आणि साहित्यासाठी आवाहन

नगर जिल्ह्यातील चर्चच्या सर्व मंडळ्यांना, जुन्या मिशन-शाळांच्या माजी विद्यार्थ्यांना आणि ज्यांच्या माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी वर्षानुवर्षे उघडलेली नाही त्या सर्वांना सप्रेम सलाम.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेची माणसे 1813 साली मुंबईत उतरली आणि 1831 च्या अखेरीस नगरला आली. पुढे वडाळा, राहुरी, शिरूर अशा ठिकाणी बंगले उभे राहिले. बंगल्यावरचे साहेब आणि मडमा नेमाने लिहीत. त्यांची पत्रे आणि वार्षिक अहवाल बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाकडे, म्हणजे त्यांना पाठवणाऱ्या संस्थेकडे जात, आणि तो संग्रह आज हार्वर्डच्या ग्रंथालयात नीट जपलेला आहे. वडाळ्याचे सॅम्युअल फेअरबँक तर पक्ष्यांचे इतके जाणकार होते की दक्षिणेतल्या पळनी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे आडनाव आहे. म्हणजे बंगल्याच्या ओसरीवरून काय दिसत होते ते आपल्याला बऱ्यापैकी वाचायला मिळते.

खेड्यात शाळेच्या मागच्या एका खोलीत संसार मांडून राहणारे मास्तर, उपदेशक, घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायबलबाई यांचीही कुटुंबे मिशनरी कुटुंबेच होती. सकाळची शाळा, दुपारी दुखणाइतांना क्विनाइनच्या पुड्या, संध्याकाळी भजन, आणि बदलीचा कागद आला की पुन्हा बैलगाडीत भांडी. बंगल्यावरचा खानसामा, माळी, आया यांचे हिशेबही रोज लिहिले जात. यातले फारच थोडे कागद बोस्टनला गेले. जे उरले ते घरोघरच्या ट्रंकेत आहे आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे संपते आहे. ते वाचवण्यासाठी हे आवाहन.

आधी कागदांबद्दल. बायबल आणि गीतांची पुस्तके बहुतेक घरांत जपलेली असतात, त्यामुळे ती सगळ्यांत शेवटी आणली तरी चालतील. आम्हाला हव्यात त्या ज्यांना कोणी कागदपत्र म्हणत नाही अशा वस्तू: किराण्याची यादी, दौऱ्याच्या खर्चाची वही, शाळेचा हजेरीपट, पगाराबद्दलची तक्रार, दवाखान्याची चिठ्ठी, शब्बाथशाळेची (मुलांच्या रविवारच्या धर्मशाळेची) रंगीत चित्रे, कर्जाचा रोखा. थंडीत ओढे-नाले उतरले की तंबू गाडीत घालून गावोगाव दौरा निघे. किती गाड्या, किती दिवस, बैलांना कडबा किती, हे अहवालात एका ओळीत उरकलेले असते. खर्चाच्या वहीत ते पानभर सापडते. भांडणाचे कागदही द्या. नुसत्या गौरवाच्या कागदांतून खरे दिवस कळत नाहीत.

मूळ कागद देण्याची सक्ती नाही. फोटो काढून दोन दिवसांत परत, हीच पहिली पसंती. कागद घेताना पानांची संख्या मोजून पोच दिली जाईल.

कागद आणण्याआधी घरी काही करू नका, म्हणजे खरोखर काही करू नका. सर्वांत जास्त नुकसान प्रेमापोटी झालेले असते. लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा करता येत नाही, प्लॅस्टिक कागदाच्या धाग्यात वितळून बसते. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरावर डाग धरतो. ओल्या फडक्याने पुसू नका: त्या काळची बरीच शाई लोहयुक्त असे, ती आधीच कागद खात असते, आणि पाणी लागले की डाग पसरतो. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, भोवतीचा कागद तिच्यासोबत येतो. गठ्ठ्यातला क्रम बदलू नका. कोणती चिठ्ठी कोणत्या वहीत होती यावरूनच कित्येकदा साल ठरते.

पेटीत कसर किंवा वाळवी दिसली तर पेटी घरात उघडी ठेवू नका. कागद जाड प्लॅस्टिक पिशवीत तोंड बांधून तसेच आणा. वाळवीची माती झटकली की तिच्यासोबत खाल्लेला कागदही पडतो, तेव्हा माती राहू द्या. ओला निंबाचा पाला घालण्याची पद्धत घातक आहे, कारण त्यातला ओलावा कागदात उतरून बुरशी धरते. भिजलेले कागद असतील तर वेळ फार थोडा असतो, 48 तासांत बुरशी सुरू होऊ शकते. उन्हात घालू नका, सावलीत टीपकागदावर पसरा, टीपकागद ओला झाला की बदला, पंखा लावा पण वारा थेट कागदावर नको.

काचेच्या निगेटिव्ह मिळाल्या तर आनंद आहे आणि धास्तीही. त्या एकावर एक आडव्या रचू नका, खालच्या तडकतात. प्रत्येक काच कागदात गुंडाळून, ताटल्या ठेवतो तशी उभी, घट्ट खोक्यात ठेवा. चमक नसलेल्या बाजूवर चित्र असते. त्या बाजूला बोटही लावू नका, कडेनेच धरा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका, फ्रेमसकट आणा. फोटोतली माणसे ओळखणारे आजी-आजोबा घरात असतील तर आज संध्याकाळीच विचारून घ्या. नावे वेगळ्या कागदावर लिहा, डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिले की अक्षर पुढच्या बाजूला उमटते.

ज्यांना येणे जमत नाही त्यांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवावेत. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर, शेजारी फूटपट्टी. कव्हर, कोरी पाने, पाकिटाची मागची बाजूसुद्धा घ्यावी, टपालाचा शिक्का तिथेच असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि अक्षर अस्पष्ट होते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो.

आता साहित्य. ए-फोर आकाराचे एक पान 300 डीपीआयवर (इंचाला 300 ठिपके) रंगीत आणि न दाबता साठवले तर सुमारे 26 एमबी होते. 20,000 पाने धरली तर 520 जीबी. त्यासाठी 1 टीबीच्या तीन हार्ड डिस्क लागतील. तीन अशासाठी की एक कामाची, दुसरी तिची प्रत आणि तिसरी दुसऱ्या गावात राहील. एकाच कपाटातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. कॅमेरा उभा खाली रोखणारा एक स्टँड, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत लावायचे दोन एलईडी दिवे, आम्लविरहित पुठ्ठ्याची 60 खोकी आणि तसाच पातळ कागद हवा आहे. चपलांची किंवा मिठाईची खोकी देऊ नका. त्या पुठ्ठ्यातले आम्ल कागद पिवळा करते.

दोन लोखंडी मांडण्यांची गरज आहे. लाकडी नकोत, लाकडाला वाळवी लागते. त्या जमिनीपासून चार इंच वर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवायच्या आहेत, म्हणजे मागून झाडता येते आणि भिंतीची ओल लागत नाही. कागद ठेवायच्या खोलीवर मंगलोरी कौले आहेत. (या कौलांचा मंगळूरचा कारखानाही 1865 साली बासेल मिशनने काढला.) फुटलेली कौले बदलायला गवंडी किंवा सुतार दोन दिवस देऊ शकला तर पैशांपेक्षा ते मोलाचे. ज्यांना रक्कमच द्यायची आहे त्यांनी कोणत्या वस्तूसाठी ते लिहून द्यावे. पावतीवर तसेच लिहिले जाईल.

माणसेही हवीत. मोडी वाचणारे दोघे तरी, कारण जुने हिशेब आणि जमिनीचे कागद मोडीत आहेत. बाळबोध हस्ताक्षर टंकणारे सहा-सात जण, आठवड्याला दोन तास. टंकताना एकच नियम आहे, सुधारणा करायची नाही. रुपये-आणे-पै तसेच लिहायचे (रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै), दशांशात बदलायचे नाही. पायली, शेर, मण यांचे किलो करायचे नाहीत, कारण माप गावागणिक वेगळे असे. मास्तरांनी ‘क्वीनैन’ लिहिले असेल तर ‘क्वीनैन’च.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. बाप्तिस्म्याच्या आणि शिस्तीच्या नोंदवह्यांत जात, लग्नाबाहेरची मुले, मंडळीतून काढल्याची कारणे लिहिलेली असतात. हयात माणसांशी किंवा त्यांच्या आई-वडिलांशी संबंधित पाने कोणालाही दाखवली जाणार नाहीत, इंटरनेटवर तर नाहीच. कुटुंबाने ‘हे पान बंद ठेवा’ म्हटले की ते बंद राहील, आणि कारण विचारले जाणार नाही.

कौलांचे काम आणि मांडण्या मृग लागण्याआधी झाल्याच पाहिजेत, म्हणून साहित्य मे महिन्याच्या अखेरपर्यंत पोहोचवावे. कागद वर्षभर स्वीकारू, पण पावसात घेऊन निघू नका. रविवारी भक्तीनंतर मंडळीच्या कचेरीत दोघे जण बसलेले असतात. पेटी जड असेल तर आधी निरोप द्या, न्यायला गाडी येईल.

आपली,
जुने कागद संकलन समिती