क्रुआ द्यु स्यूदच्या इंजिनांबद्दल

पुणे, 12 ऑगस्ट

प्रिय सुधीर,

‘क्रुआ द्यु स्यूद’ म्हणजे लातेकोएर 300, 1936 मध्ये अटलांटिकवर बेपत्ता झालेलं फ्रेंच टपालविमान. त्याला चार इंजिनं असूनही मागचं एक बंद पडल्यावर एवढं काय बिघडलं, हे तू विचारलंस. त्यासाठी आधी ओझ्याचा हिशेब बघ.

आफ्रिकेतल्या सेनेगलमधलं डाकार ते ब्राझीलमधलं नाताल हे अंतर साधारण 3,000 किलोमीटर. त्या काळी टपाल तिथून छोट्या जहाजांनी जायचं आणि चार-पाच दिवस लागायचे. मे 1930 मध्ये फ्रेंच वैमानिक मेर्मोजनं फ्लोटवाल्या (चाकांऐवजी तरंगते लावलेल्या) लातेकोएर 28 मधून, सेनेगलमधल्याच सँ-लुईहून, ते एकवीस तासांत पोचवलं. परतताना मात्र तेलगळतीमुळे समुद्रात उतरावं लागलं. टपाल वाचलं, विमान बुडालं. पुढचं यंत्र, म्हणजे लातेकोएर 300, चार इंजिनांचं आणि नावेसारख्या पोटाचं झालं, ते यानंतर.

भरलेलं वजन 23 टन, ताकद 650 अश्वशक्तीच्या चार हिस्पानो-सुइझा इंजिनांची मिळून 2,600. म्हणजे दर अश्वशक्तीमागे जवळजवळ नऊ किलो! ताशी 160 किलोमीटरनं वीस तास उडायचं, सरासरी 1,600 अश्वशक्ती आणि दर अश्वशक्तीला तासाला पाव किलोहून थोडं कमी पेट्रोल धर, तर सात टनांच्या वर जातं. टपालाला उरतो जेमतेम एक टन.

खरी परीक्षा पाण्यावरून उडतानाच. सुरुवातीला नाव पाण्यात खोल असते, वेग वाढला की नाक वर येतं आणि पाण्याचा विरोध कळसाला पोचतो. तिथे ताकद कमी पडली तर मैलभर धावूनही विमान पायरीवर चढत नाही. (पायरी म्हणजे तळाला आडवा दिलेला खाच-टप्पा, त्यामागे हवा शिरते आणि पाणी सुटतं.) चढलं की स्टिक हळूच पुढे द्यायची. घाई केली तर विमान उसळ्या मारतं. पाणी आरशासारखं शांत असेल तर आणखी वाईट, तळ चिकटून बसतो. थोडी लहर हवीच.

इंजिनं पंखाच्या वर ठेवली ती पंख्यांना (प्रोपेलरना) खारे तुषार लागू नयेत म्हणून. ती दोन-दोन एकामागे एक होती, एक ओढणारं, एक ढकलणारं. एक बंद पडलं तरी विमान फारसं बाजूला ओढलं जात नाही, हा फायदा. तोटा असा की मागच्या पंख्याला पुढच्याची ढवळलेली हवा मिळते, थंड होणंही जड जातं, आणि त्याचं पातं तुटून सुटलं तर वाटेत पोट आणि शेपूट येतात.

1931 मध्ये चाचणीतच हे विमान बुडालं, बाहेर काढून पुन्हा बांधलं. 3 जानेवारी 1934 ला महासागर ओलांडला. 7 डिसेंबर 1936 ला मेर्मोज पहाटे डाकारहून निघाला, पंख्याच्या बिघाडामुळे परतला, दुरुस्ती करून पुन्हा निघाला. 10:47 ला संदेश आला: उजवं मागचं इंजिन बंद करतोय. पुढे काही नाही. पाचही जण गेले. पातं सुटून पोट फाटलं असावं, हा पुष्कळांचा अंदाज. मलाही तोच पटतो, कारण नुसतं इंजिन बंद पडलं असतं तर पाण्यावर उतरायला आणि आणखी एक संदेश द्यायला वेळ मिळाला असता. सिद्ध काहीच झालेलं नाही, अवशेषच नाहीत.

गंमत म्हणजे 1935 मध्ये फार्मान 220 हे चाकांचं विमानही याच वाटेनं टपाल घेऊन गेलं, आणि त्याचीही इंजिनं एकामागे एकच होती.

तुझा,
अविनाश