चाकांना गप्प बसवू नकोस

फोंडा, गोवा
श्रावण

प्रिय अनघा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाले. सुपारीचे घोस वाहायची आपली स्वयंचलित गाडी देखणी झाली आहे. चौकट ठेंगणी ठेवलीस हे फार बरं केलंस. आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाण्याच्या पाटावर टाकलेल्या फळ्या ओलांडताना उंच गाडी कलंडलीच असती. बाबांना फोटो दाखवले तर त्यांनी आधी विचारलं, "घोस किती मावतील?" दिवाळीनंतर सुपारी उतरवायला लागतील. झाडावर चढून ती उतरवणारे पाडेली मिळवताना जीव मेटाकुटीला येतो, आणि उतरवलेले घोस खालच्या मेरेवरून अंगणापर्यंत वाहून आणायला तर माणूसच मिळत नाही. त्यामुळे घरात सगळे या गाडीची वाट बघतायत.

पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. चाक किती फिरलं ते मोजणारे चाकांवरचे एन्कोडर काढून टाकणार म्हणतेस. एका कॅमेऱ्यावर आणि आयएमयूवर (त्वरण मोजणारा ॲक्सिलरोमीटर आणि वळणं मोजणारा जायरो असलेल्या सेन्सरवर) तुझं ड्रोन उत्तम उडतं, तेच सॉफ्टवेअर गाडीत घालायचं, मग तारा आणि खर्च कशाला वाढवायचा, असा तुझा हिशेब. अनघा, हे करू नकोस. मी लिहायला बसले ती मुख्यतः एवढंच सांगायला. कारण पटल्याशिवाय तू ऐकत नाहीस, म्हणून पत्र लांबेल.

जीपीएसचं आधी उरकते, कारण त्यावर आपलं एकमत आहेच. मोबाइलमधला जीपीएस उघड्यावर पाच-एक मीटर इकडेतिकडे दाखवतो. पोफळींची लागवड असते साधारण २.७ मीटरवर. म्हणजे गाडी कुठल्या ओळीत आहे हेसुद्धा त्याला सांगता येणार नाही. वर पोफळी, माड, फणस आणि सगळ्यांवर चढलेल्या मिरवेली, त्यात पावसाने भिजलेली पानं. उपग्रहाचा सिग्नल आधीच क्षीण, तो या छतातून खाली येईपर्यंत आणखी मरतो. आरटीके, म्हणजे जवळच्या स्थिर केंद्रावरून दुरुस्त्या घेणारा चोख जीपीएस, आमच्या अंगणात सेंटीमीटरपर्यंत बोलेल, पण कुळागरात शिरलं की त्याची साथ सुटते. तेव्हा आत गाडीला आपला ठावठिकाणा स्वतःच काढावा लागणार.

आता मूळ मुद्दा. एका कॅमेऱ्याला दिशा कळते, अंतर कळत नाही. पाच मीटरवर एक पोफळ आहे आणि गाडी एक मीटर पुढे गेली. किंवा दहा मीटरवर दुप्पट जाडीची पोफळ आहे आणि गाडी दोन मीटर पुढे गेली. दोन्ही वेळा चित्र तेच. मीटर येतो तो आयएमयूकडून. चित्रांवरून काढलेल्या मार्गात त्वरण कसं चढलं-उतरलं ते दिसतं, ॲक्सिलरोमीटर तेच त्वरण खऱ्या एककात सांगतो, आणि दोन्हींचा मेळ घातला की स्केल, म्हणजे चित्रातलं अंतर खरं किती मीटर, ते ठरतं. पण ॲक्सिलरोमीटर शुद्ध त्वरण देत नाही. त्यात गुरुत्वाचे ९.८ मिसळलेले असतात आणि त्याचा स्वतःचा बायसही, म्हणजे वाचनातली अंगची चूकही असते, जी तापमानाबरोबर हळूहळू सरकते. त्वरण सतत बदलत असेल तरच या तिघांना एकमेकांपासून सोडवता येतं.

तुझं ड्रोन हवेत एका जागी उभं असतं तेव्हासुद्धा झुकतं, सावरतं, डोलतं. सगळ्या सेन्सरांची मापं जुळवून ठाव काढणाऱ्या गणिताला, म्हणजे फिल्टरला, लागतं ते सगळं त्यातून आपोआप मिळतं. गाडीचं तसं नाही. ती ओळीतून सरळ, एकसारख्या वेगाने जाते. त्वरण शून्य, आणि शून्याला कितीही मोठ्या स्केलने गुणलं तरी शून्यच. संथपणे वेग वाढवत नेली तर ते स्थिर त्वरण बायससारखंच दिसतं. एकसारख्या वळणावरही सुटका नाही, कारण गाडीच्या नजरेतून तिथलं त्वरणही स्थिरच असतं. हा माझा तर्क नव्हे. मिनेसोटा विद्यापीठात रूमेलिओटिस यांच्या गटाने २०१७ साली हे गणिताने दाखवलं: जमिनीवरचं वाहन स्थिर त्वरणाने सरळ रेषेत किंवा वर्तुळाच्या कमानीवर चालत असेल तर स्केल निरीक्षणातून काढताच येत नाही, आणि ते अजिबात वळत नसेल तर गाडी किती कललेली आहे तेही निसटतं. त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे चाकांचा एन्कोडर. तो आला की स्केल परत हाती येतं.

हेच रूमेलिओटिस आणि मूरिकिस यांनी २००७ मध्ये एमएससीकेएफ हा कॅमेरा आणि आयएमयू जोडणारा फिल्टर मांडला होता, तुझ्या ड्रोनच्या सॉफ्टवेअरचा पूर्वजच म्हण. दिसलेला प्रत्येक ठिपका हिशेबात साठवण्याऐवजी कॅमेऱ्याच्या मागच्या काही जागा तेवढ्या लक्षात ठेवायच्या, त्यामुळे गणन आटोक्यात राहतं. मला ती कल्पना आजही फार सुंदर वाटते. तिची चाचणी त्यांनी शहरात मोटारीवर घेतली होती आणि ३.२ किलोमीटरनंतर चूक सुमारे १० मीटर आली. तू हाच आकडा माझ्यापुढे ठेवशील, म्हणून आधीच सांगते: शहरात गाडी थांबते, सुटते, कोपऱ्यावर वळते. आमच्या पोफळींच्या ओळीत ती सरळ एका चालीने जाणार आहे.

कललेपणा निसटला तर काय होतं याचा हिशेब करून बघ. गाडीचा कल ठरवताना १ अंशाची चूक झाली तर गुरुत्वाचा साधारण ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका तुकडा आडव्या त्वरणात शिरतो. नुसत्या आयएमयूवर १० सेकंद काढले तर साडेआठ मीटरची चूक, म्हणजे तीन ओळी पलीकडे. आणि १० सेकंद कॅमेरा काही कामाचा नसणं कुळागरात रोजचं आहे.

दोन कॅमेरे लावले तर, असं तू विचारशीलच. लाव, मदतच होईल. पण केआयटीटीआय या, मोटारीवरून टिपलेल्या चित्रांच्या २०१२ च्या डेटासेटमधले आकडे बघून भुलू नकोस. त्यांच्या मोटारीच्या टपावर दोन कॅमेऱ्यांत ०.५४ मीटर अंतर होतं. तुझ्या गाडीवर फार तर १२ सेंटीमीटर मिळतील. फोकल लेंग्थ ४०० पिक्सेल धर, अर्ध्या पिक्सेलची चूक धर. १० मीटरवरच्या झाडाच्या अंतरात सुमारे १ मीटरचा घोळ होतो. चाकाचा टायर याहून कितीतरी चोख माप देतो.

आता चाकाची बाजू घेतेय म्हणून त्याचे दोष झाकणार नाही. चाक घसरतं. आमच्याकडची तांबडी चिकणमाती आषाढ-श्रावणात कशी होते ते तू पाहिलं आहेस. मंगळावर नासाची ऑपॉर्च्युनिटी गाडी २००५ साली वाळूच्या एका लाटेत अशीच रुतली; चाकं फिरत राहिली, गाडी मात्र हलत नव्हती, आणि तिला बाहेर काढायला महिन्याहून जास्त वेळ गेला. त्या यानांवर चित्रांवरून अंतर काढायची सोय होती, फक्त प्रोसेसर इतका मंद की एकेका जोडीला मिनिटंच्या मिनिटं लागायची, म्हणून ती नेहमी चालू ठेवत नसत. त्या प्रसंगानंतर घसरण तपासण्याबाबत ते फार सावध झाले. चाक जिथे फसवतं तिथे कॅमेऱ्याला खरं कळतं, आणि कॅमेऱ्याचं जिथे अडतं तिथे चाक सांभाळून घेतं. म्हणून चाकाचं प्रत्येक माप डोळे मिटून घेऊ नकोस. आयएमयू आणि कॅमेऱ्याच्या अंदाजाशी ते किती विसंगत आहे ते आधी तपास, फारच दूर असेल तर तेवढं माप टाकून दे.

टायरची त्रिज्याही कायमची पक्की धरू नकोस. रिकामी गाडी खाली जाईल आणि घोस भरून वर येईल तेव्हा हवेचा टायर दबलेला असेल. त्रिज्येत १ टक्का फरक म्हणजे १०० मीटरला १ मीटर. ती फिल्टरमध्येच एक अज्ञात म्हणून ठेव, वळणावळणाने ती आपोआप सुधारत जाईल.

गाडी जमिनीला धरून चालते, आडवी सरकत नाही, उडी मारत नाही, हेही फिल्टरला सांगता येतं आणि त्याने बराच आधार मिळतो. मात्र सगळी जमीन एका सपाटीत आहे असं सांगू नकोस. आमची मेर पायऱ्यापायऱ्यांनी उतरते, मधे पाट, मधे मुळं. ही अट ढिली ठेव, म्हणजे तिचा नॉइज, चुकीला दिलेला वाव, मोठा धर.

कुळागरात कॅमेऱ्याला काय दिसतं हे तुला कोल्हापुरात बसून जाणवणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पोफळी सगळ्या सारख्या: सरळसोट, एकाच जाडीच्या, तशाच वळ्या असलेल्या. एका खोडावरचा ठिपका पुढच्या चित्रात शेजारच्या खोडावर सापडला असं सॉफ्टवेअरला सहज वाटू शकतं, आणि ती चूक नेमकी एका ओळीच्या अंतराची असते. उभ्या कडांमुळे डावं-उजवं पक्कं कळतं, वर-खाली मात्र सैल राहतं. दुपारी पानांतून उन्हाचे कवडसे पडतात, वारा आला की तेच जमिनीवर पळतात. एक्स्पोजर आपोआप बदलणारं ठेवलंस तर प्रत्येक कवडशाला चित्र उजळणार आणि काळवंडणार. पाटाच्या पाण्यात झाडांचं प्रतिबिंब दिसतं, ते खऱ्या झाडांसारखंच धरलं जातं पण हलतं वेगळं. आणि पाऊस! काचेवर बसलेला थेंब चित्रात एकाच जागी राहतो, जणू गाडी उभीच आहे. वाऱ्यात याच्या उलट: गाडी उभी, पण समोरची सगळी पानं हलतायत, आणि कॅमेरा म्हणतो आपण सरकतोय. त्या वेळी "मी थांबलो आहे" हे ठामपणे सांगणारं गाडीवर एकच काही असतं, ते म्हणजे चाक. तेवढ्या एका माहितीवर वेग शून्य धरता येतो आणि जायरोचं जे काही वाचन येतंय तो निव्वळ बायस म्हणून टिपून ठेवता येतो. प्रत्येक थांब्याला ही फुकटची दुरुस्ती मिळते. घोस भरायला गाडी किती वेळा थांबेल याचा विचार कर.

याला एक अपवाद आहे, तो मला रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीत सुचला, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. बोटीवर उभ्या गाडीची चाकं शून्य सांगतात. कॅमेऱ्याला डेक दिसतो, शेजारच्या गाड्या दिसतात, सगळं स्थिर. ॲक्सिलरोमीटरला इंजिनची थरथर तेवढी जाणवते. तिघांचं एकमत आणि गाडी मांडवीच्या मध्यावर! एवढ्यावर भागत नाही. प्रवाहात बोट जराशी वळली की ते वळणं जायरोला कळतं, पण "थांबलो आहोत" असं ठरवून बसलेला फिल्टर ते बायस म्हणून गिळतो, आणि पलीकडे उतरल्यावरही गाडी बराच वेळ वाकडी चालत असल्यासारखी दाखवतो. म्हणून थांब्यावरच्या दुरुस्तीत बायस एका झटक्यात किती बदलू शकतो यावर मर्यादा घाल. आपली गाडी फेरीत जाणार नाही, पण बाबा तिला ट्रॉलीवर चढवून दुसऱ्या बागेत नेणारच आहेत, तिथे हाच प्रकार होईल.

तीन गोष्टी आत्ताच कर, गाडीची जुळणी पुरी व्हायच्या आत. पहिली, कॅमेरा आणि आयएमयू यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे एकमेकांशी मापं जुळवणं, दोन्ही गाडीवर बसवण्याआधी उरक. एकाच पट्टीवर घट्ट बसवून कॅलिब्र या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरच्या बोर्डासमोर हातात धरून सगळ्या दिशांनी हलव, वळव, उलटं कर. एकदा गाडीवर बसले की तसं हलवणं अशक्य. दुसरी, दोघांचं घड्याळ एक कर, हार्डवेअर ट्रिगरनेच, म्हणजे तारेतून येणाऱ्या इशाऱ्याने. गाडी सेकंदाला १ रेडियन वळत असताना १० मिलिसेकंदांची तफावत म्हणजे चित्रात ४ पिक्सेलची खोटी हालचाल. कॅमेराही ग्लोबल शटरचा, अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणारा घे. तिथे पैसे वाचवू नकोस. तिसरी, मोटारची थरथर रोखायला रबर लावशील तर ते पूर्ण पट्टीच्या खाली लाव. कॅमेरा वेगळ्या रबरावर आणि आयएमयू वेगळ्या, असं झालं तर त्यांचं आपसातलं अंतर आणि कोन बदलत राहतील आणि सगळं कॅलिब्रेशन वाया.

एवढं करूनही ठाव थोडा थोडा सरकत जाणारच. आपण सुरुवात कुठून केली आणि तोंड कुठे होतं, हे आतल्या सेन्सरना बाहेरच्या खुणेशिवाय कधीच पडताळता येत नाही. त्यासाठी मी एप्रिलटॅगचे, म्हणजे कॅमेऱ्याला ओळखता येणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चौकोनी खुणांचे, ठोकळे छापून ठेवते. पाटावरच्या प्रत्येक फळीपाशी आणि अंगणाच्या तोंडाशी एकेक खांबाला बांधू. खोडाला खिळा ठोकू द्यायला बाबा तयार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. टॅगचा आकार ठाऊक असल्यामुळे स्केलचीही उलटतपासणी होईल. अंगणात आरटीके एकदा लागलं की टॅगच्या जागा त्यावरून बांधून घेऊ.

एन्कोडरसाठी चाकाच्या आसात जागा नसेल तर मोटारचं फिरणं टिपणाऱ्या हॉल सेन्सरचे पल्स घे. ते भरड असतात, पण आपल्या गाडीच्या वेगाला पुरतात. चारही चाकांवर नको, मागच्या दोन बास. वळणासाठी त्यांच्यावर विसंबू नकोस, ते काम जायरोचं. नुसतं अंतर आणि "थांबलोय की चाललोय" एवढं त्यांनी सांगितलं तरी पुष्कळ.

चवथीला येतेच आहेस, तेव्हा गाडी घेऊनच ये, आणि येण्याआधी तुझ्याकडच्या रस्त्यावर सरळ चालवून कॅमेरा, आयएमयू आणि चाकं या तिन्हींचा कच्चा लॉग मला पाठव. चाकांसह आणि चाकांशिवाय, दोन्ही प्रकारे मी तो इथे चालवून बघते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मेधा