पाण्याच्या चर्चेतील दोन विचारशैली

महोदय,

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तरीही मराठवाड्यातील अनेक ग्रामसभांत पाण्याची चर्चा आजही एकाच जागी अडते. काहींना जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती आणि विहिरींतील गाळ काढणे पुरेसे वाटते, तर काहींना उसाखालचे क्षेत्र कमी केल्याशिवाय मार्गच दिसत नाही. मग एक बाजू दुसरीला उतावळी ठरवते आणि दुसरी पहिलीला बुरसटलेली.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मायकेल कर्टन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, चौकटीत राहून सुधारणा करणे आणि चौकटीवरच प्रश्न उपस्थित करणे ही विचारशैलीची दोन टोके आहेत, बहुतेक माणसे त्यांच्या दरम्यान कुठेतरी असतात आणि शैलीवरून कुवत ठरत नाही. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडे मत वेगळे दिसले की समोरच्याची अक्कलच काढली जाते, आणि बोलणारी एखादी तरुण सून असेल तर अधिकच. वास्तविक ऊस सोडा म्हणणाऱ्याला ठिबकचा खर्च आणि तुरीचा भाव मांडणारा सोबती लागतो, तर दुरुस्तीचा आग्रह धरणाऱ्याला, बोअर खोल खोल जात असताना केवळ बंधारा पुरेल का, असे विचारणारा.

गावच्या पाणी समित्या नेमताना सरपंचांनी केवळ मान डोलावणारी माणसे न घेता दोन्ही प्रकारची घ्यावीत आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचून झाल्यावरच उपायांची चर्चा सुरू करावी, ही विनंती.

– एक वाचक, लातूर