‘अंधार कापू का?’ विचारणाऱ्या संपादक मॅडमना

स. न. वि. वि.

मॅडम, दिवाळी अंक मागच्या आठवड्यात मिळाला. तेव्हापासून आमच्या मेडिकलच्या काउंटरवर माझ्या काजव्यांच्या फोटोचं ते जोडपान उघडंच आहे. तापाची गोळी घ्यायला आलेला माणूसही सुटत नाही. आधी फोटो, मग गोळी. बायको म्हणते, मिटवा आता, धूळ बसेल.

रतनवाडीच्या अलीकडचं ते सादड्याचं झाड. मे संपता संपता वळीव पडून गेला की भंडारदऱ्याकडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ काजव्यांनी लगडतात, आणि पावसाने जोर धरला की सगळं आटोपतं. या थोड्या दिवसांसाठी मी 4 वर्षं शनिवारी शटर ओढून मोटारसायकल काढत आलो. 30-30 सेकंदांच्या 24 फ्रेम्स, एकावर एक रचून एक फोटो. कॅमेऱ्याला पावसापासून जपायला औषधांच्या खोक्यातलं प्लास्टिक. मध्येच एखादी गाडी हेडलाइट मारत वळली की रात्र वाया. माझी जाते ती जाते, काजव्यांचीही जाते. नर बिचारा लुकलुकून मादीला बोलावत असतो, त्यात पर्यटकांच्या बॅटऱ्या!

तुमच्याआधी हे फोटो कुणी पाहिलेच नव्हते असं नाही. एका दैनिकाने एक छापला, खाली ‘संग्रहित छायाचित्र’. फोन केला तर म्हणे, “अहो, छापला ना!” दुसरा मला थेट एका ओळखीच्यांच्या भिंतीवर भेटला, कॅलेंडरच्या जून महिन्यात. स्पर्धेतल्या एका परीक्षकांनी सांगितलं, अंधार फार आहे, जरा उजळ करून आणा. काजव्यांचा फोटो, उजळ!

म्हणून त्या रात्री साडेनऊला तुमचा फोन आला तेव्हा मी काय बोलावं तेच सुचेना. तुम्ही म्हणालात, “उजवीकडचा अंधार थोडा कापला तर पान नीट बसतंय. कापू का?” मी गप्प. “तिथे काही आहे का?” म्हटलं, रतनगड आहे. दिसत नाही तसा, पण चांदण्या जिथे संपतात ती त्याची कड. “थांबा, बघते.” बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणालात, “दिसला. राहू दे. मजकूर कापते.”

कुणाचा मजकूर कापलात ते विचारायचं धाडस झालं नाही. त्यांचीही इथेच माफी मागतो.

नाव छापलंत, मानधन दिलंत, त्याचा आनंद आहेच. पण ते ‘कापू का?’ डोक्यातून जात नाही. वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हा सुटे नसले तर चॉकलेट पुढे करण्याआधी विचारायचे, “चालेल ना?” समोर शाळकरी पोर असलं तरी. मला तेव्हा हा वेळेचा अपव्यय वाटायचा. तुमचा फोन ठेवल्यावर मी शटर अर्धं ओढून तसाच पायरीवर बसलो होतो.

दुसरी प्रत रविवारी रतनवाडीला नेली. ज्यांच्या ओट्याशी माझी मोटारसायकल रात्रभर उभी असते, त्या मामांना दाखवली. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, काजव्यांवरून नजर फिरवली आणि उजवीकडच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. “ह्यो गड.”

आपला,
एक मेडिकलवाला, संगमनेर