जुन्या पॉइंटरचा माग काढून देणाऱ्या ताईंना

नागपूर

आदरणीय ताई,
सा. न. वि. वि.

परसोडीच्या आयटी पार्कमधील आमच्या छोट्या चमूला आपण केलेल्या मदतीचे आभार फोनवर मानून माझे समाधान झाले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

बुटीबोरीच्या एका कारखान्यातील गेटवेवर (नेटवर्क जोडणाऱ्या यंत्रावर) आमचे लिनक्स कर्नल मॉड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात जोडलेला कोड, पॅकेटच्या (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याच्या) आयपी हेडरमध्ये, म्हणजे पत्ते असलेल्या सुरुवातीच्या भागात, प्राधान्याची खूण लिहिते. वर्दळ वाढली की ते यंत्र अधूनमधून कोसळे आणि दोष दर वेळी निराळ्याच ठिकाणी दिसे, कधी फाइल सिस्टिममध्ये तर कधी टायमरमध्ये. रॅम बदला, असाच सल्ला सगळे देत होते. आपण मात्र नोंदी वाचताच म्हणालात, ‘कर्नल कुठे कोसळतो ते सोडा, आधी केसॅन चालू करून बिल्ड करा.’ केसॅन म्हणजे कर्नलमधला मेमरीचा चुकीचा वापर पकडणारे साधन. त्या बिल्डने पहिल्याच अहवालात मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली आणि सोडल्यावर तिला कोणी हात लावला, हे तिन्ही एकाखाली एक दाखवले.

पॅकेटचे सगळे बाइट सलग बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील एकाच सलग जागेत, असतातच असे नाही. आयपी हेडरनंतर येणारे टीसीपी हेडर सलग भागात आणण्यासाठी ‘पीएसकेबी_मे_पुल’ हे फंक्शन वापरतात, आणि बफरमध्ये जागा अपुरी असेल तर ते नवा बफर घेऊन त्यात मजकूर हलवते व जुना सोडून देते. आमच्याकडे चालत आलेल्या कोडमध्ये आयपी हेडरचा पॉइंटर, म्हणजे त्याचा मेमरीतील पत्ता, त्याआधीच घेतलेला होता आणि खूण नंतर त्याच पॉइंटरवर लिहिली जाई, म्हणजे तोवर भलत्याच कोणाच्या झालेल्या मेमरीत. बहुतेक पॅकेटांत दोन्ही हेडर आधीच सलग असल्यामुळे काहीच हलत नसे, आणि म्हणूनच हा दोष इतका काळ दडून राहिला.

दुरुस्ती एका ओळीची होती: फंक्शननंतर पॉइंटर पुन्हा घेणे. आपण तेवढ्यावर थांबू दिले नाही, आणि मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. बफर हलवू शकणारा प्रत्येक फंक्शन कॉल शोधायला लावलात. त्या शोधात आयपी हेडरच्या लांबीचा आकडा, जो चार-चार बाइटांच्या गटांत मोजतात आणि पाचपेक्षा कमी असूच नये, न तपासता वापरलेला सापडला. पॅकेट स्वतःची जी लांबी सांगते ती पाठवणाऱ्याने लिहिलेली असते, हे आपण किती शांतपणे समजावलेत! सलग भाग मुद्दाम तोकडा ठेवलेली पॅकेटे पाठवणारी चाचणीही आपल्याच आग्रहाने लिहिली गेली. जुन्या कोडवर ती लगेच नापास होते, दुरुस्त कोडवर पास होते, आणि आता प्रत्येक बदलाबरोबर चालते.

टीसीपी ऑप्शन, म्हणजे टीसीपी हेडरमधील जादा नोंदी, वाचणारा भाग आपण पाहायला मागितला होता. एखाद्या ऑप्शनची लांबी शून्य आली तर तिथले लूप कधीच संपत नाही, ही आपली शंका खरी निघाली आहे. त्याचा पॅच सोबत पाठवत आहे. सवडीने नजर घालावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
नागपूरचा एक कर्नल प्रोग्रॅमर